डबा नानाचा, तबकड्या छगनच्या

गल्ली नंबर पाच, धुळे
१२ नोव्हेंबर १९६६

श्री. लीलाधरशेठ यांस तोतारामचा रामराम.

पत्रास कारण तुमची मुलगी. घाबरू नका, तक्रार नाही. चि. शकू आमच्या घरात छान रुळली. सासूला उलट बोलते, पण मुद्द्याचं बोलते. लग्नात पातेली-परातींच्या जोडीला तुम्ही तिच्याबरोबर ग्रामोफोनच्या डझनभर तबकड्या पाठवल्यात, तेव्हा मी बायकोला म्हटलं होतं, आपले व्याही लाऊडस्पीकर भाड्याने देऊन देऊन डोक्याने गेले. ते शब्द मागे घेतो.

तुम्हाला आमच्या घरचा इतिहास ठाऊक नसेल. आमच्या वडिलांचा मोठा ग्रामोफोन होता, पितळी कर्ण्याचा. ते गेल्यावर माझी आणि धाकट्या भावाची, छगनची, वाटणी झाली. घर अर्धं अर्धं, मधे भिंत. भांडीकुंडी झाली, पण ग्रामोफोनवर दोघेही अडून बसलो. पंच म्हणून दोंडाईच्याचे मामा आले होते. त्यांना न्यायाची भारी हौस. त्यांनी निकाल दिला : डबा तोतारामला, तबकड्या छगनला. दोघांचं सारखं. आणि हात धुऊन जेवायला बसले. त्या दिवसापासून माझा डबा मुका, त्याच्या तबकड्या मुक्या आणि आम्ही भाऊही एकमेकांशी मुके. अकरा वर्षं झाली. तो खोकला की मला ऐकू येतं, मी जांभई दिली की त्याला. पण बोलणं नाही.

आता शकूच्या तबकड्यांनी डबा बोलू लागला. रोज सकाळी ती विचारते, "मामंजी, आज काय लावू?" बायकोला अभंग हवा, चिरंजीवांना सिनेमातलं हवं. मी सांगितलं, आपल्याला काय ऐकायचंय ते सोडा, छगन्याला काय ऐकवायचं ते बोला. कर्णा भिंतीकडे फिरवून ठेवला आहे. पण भजनाने तो जळेल असं वाटत नाही. तुमचा धंदाच हा. सकाळी सकाळी माणसाच्या अंगाचा तिळपापड होईल असं काही दुकानात असेल तर पाठवा.

आपला,
तोताराम

बळीराम पेठ, जळगाव
१७ नोव्हेंबर १९६६

तोतारामशेठ, रामराम.

पत्र वाचून मी दुकानात एकटाच हसत बसलो. गिऱ्हाईक परत गेलं. इतकी वर्षं या धंद्यात आहे. लग्नाला काय वाजवू, सत्यनारायणाला काय वाजवू, असं विचारायला लोक येतात. सख्ख्या भावाचं रक्त आटवायला काय वाजवू, असं विचारणारे तुम्ही पहिले. आणि नेमके माझे व्याही!

असो. एस.टी.च्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर एक तबकडी पाठवली आहे. हिच्यात गाणं नाही. एक माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता हसतो. खो खो, ही ही, मधेच श्वास घेतो आणि पुन्हा सुरू. एकदा असोद्याला मुलीची पाठवणी चालली असताना माझ्या हातून चुकून ही लागली. त्या मुलीचा बाप अजून मला बाजारात बघितलं की रस्ता बदलतो. तुमच्या कामाला यापेक्षा चांगला माल माझ्याकडे नाही.

शकूला सांगा, चावी पूर्ण पिळायची नाही. स्प्रिंग तुटली तर धुळ्यात कुणी बसवून देणार नाही.

लीलाधर

धुळे, २५ नोव्हेंबर १९६६

शेठ, जिंकलो!

अजून गल्लीत झाडलोटही सुरू झाली नव्हती तेव्हा लावली. आधी पलीकडे सामसूम. मग काय, हुंदके! छगन्या रडत होता हो! तोंडात गोधडी कोंबून माणूस रडतो ना, तसा दबका आवाज. त्याची बायको कुंदाबाई म्हणत होती, "अहो पुरे आता, पोटात दुखेल." मी तीनदा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा शकू म्हणाली, "मामंजी, बस्स करा, माझाच जीव घाबरा झाला." बाई कोवळ्या मनाची आहे, तुमच्यावर गेलेली नाही.

आता पुढचं काहीतरी पाठवा. लोखंड तापलेलं आहे.

तोताराम

गल्ली नंबर पाच, धुळे
२६ नोव्हेंबर १९६६

ती. लीलाधरभाऊ यांस छगनचा सा. नमस्कार.

आपली ओळख म्हणाल तर एका ताटाची. पुतण्याच्या लग्नाला आम्हाला बोलावणं नव्हतं. मी ओट्यावर पाठ करून बसलो होतो. तुम्ही मुलीकडचे असून स्वतः उठून आलात आणि काही न बोलता लाडवांचं ताट माझ्याशेजारी ठेवून गेलात. ते मी विसरलो नाही. म्हणून आज हे धाडस.

नानाने, म्हणजे आमच्या तोतारामने, हसण्याची तबकडी लावली. पुड्यावर तुमच्या दुकानाचा शिक्का होता असं दूधवाल्या दगडीबाईने सांगितलं, म्हणून कळलं कुठून आली ते. भाऊ, ती तबकडी माझ्या ट्रंकेतही आहे. आमच्या वडिलांची आवडती. अकरा वर्षं नुसती पुसून ठेवत होतो. नवा ग्रामोफोन का घेतला नाही म्हणाल, तर घेतला असता तर मामांचा निकाल मी मान्य केला असं झालं असतं. त्या दिवशी ती ऐकून मी अंथरुणात गडाबडा लोळलो. आमच्या हिने माझ्या तोंडात गोधडी कोंबली. मी हसतो आहे हे नानाला कळलं असतं तर त्याने पुन्हा कधी लावली नसती.

तेव्हा विनंती अशी की, तो तुम्हाला मला छळायला तबकड्या मागतो आहे, तर तुम्ही माझ्या ट्रंकेतल्याच पाठवाव्यात. त्या गाणाऱ्या बाईचा ललत राग, ज्याच्या शेवटी ती स्वतःच 'वा' म्हणते तो. एक जुनी ढोलकीची लावणी. नाटकातली दोन पदं, त्यातल्या एका तबकडीला चरा असला तरी चालेल, माझ्याही तबकडीला आहे. सनई तेवढी नको. सनई ऐकली की माझी दाढ ठणकते. दाढ पडून जमाना झाला, तरी ठणकते. ती गोष्ट कधी भेटलो तर सांगेन.

नानाला यातलं काही कळू देऊ नका. त्याला वाटतं मी जळतो आहे. त्याला तसं वाटू दे, त्याची सकाळ चांगली जाते.

आपला,
छगन

जळगाव, १ डिसेंबर १९६६

छगनराव, नमस्कार.

तुम्ही भाऊ मला वेड लावणार. एक तुमच्या दुःखाची ऑर्डर देतो, दुसरा सुखाची, आणि दोघांना माल एकच लागतो! असा सौदा माझ्या बापजन्मात झाला नव्हता. मंजूर. फक्त हसताना गोधडी जाड घ्या.

लीलाधर

जळगाव, १ डिसेंबर १९६६

तोतारामशेठ, रामराम.

तुमच्या शत्रूचा नीट विचार केला. त्याच्या ट्रंकेत वडिलांच्या तबकड्या आहेत, पण वाजवायला डबा नाही. मग त्याच तबकड्या त्याला ऐकवा की! स्वतःचा माल दुसऱ्याच्या घरात वाजताना ऐकण्यासारखा जळफळाट नाही. वडिलांकडे काय काय होतं ते मी इकडून तिकडून काढलं आहे. कुणाकडून ते विचारू नका, धंद्यातली गोष्ट आहे. ललत, लावणी आणि पदं पाठवली आहेत. रोज एक लावा, घाई नको.

लीलाधर

धुळे, २१ डिसेंबर १९६६

लीलाधरशेठ,

तुम्ही माणूस नाही, आग आहात! काय डोकं लावलंत!

लावणी लावली त्या दिवशी गल्ली हादरली. पहाटे पहाटे ढोलकी! दगडीबाई दुधाची चरवी घेऊन दारातच थबकली, म्हणाली, "शेठ, या वयात?" मी म्हटलं, माझ्यासाठी नाही, पलीकडच्यासाठी आहे. सौभाग्यवती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणजे घरात आता मुकेच मुके. पण छगन्याची अवस्था ऐकाल तर खूश व्हाल. खुर्ची ओढत आणून भिंतीला लावून बसतो, रोज. मी खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकल्याशिवाय सुई ठेवू देत नाही. बघा माज! पळत नाही, समोर छाती काढून बसतो. आमच्या घराण्याचा हट्ट आहे तो, त्यात त्याला नाव ठेवता येणार नाही.

ललत लागला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी झाली होती. ती बाई शेवटी 'वा' म्हणाली आणि तेवढ्यात पलीकडूनही कुणीतरी 'वा' म्हणाल्यासारखं वाटलं. भास झाला असेल. वडील याच ललतला बरोबर तिथे मान हलवायचे. उरलेली अर्धी दाढी दुपारी केली.

तोताराम

धुळे, ६ जानेवारी १९६७

ती. लीलाधरभाऊ यांस सा. न.

आता तबकड्या पाठवू नका. आम्ही संक्रांतीच्या सुमारास पाचोऱ्याला निघतो. मुलगा तिथे रेल्वेत आहे, क्वार्टर मोठं आहे. माझी कोर्टातली कारकुनी संपली, धुळ्यात राहायला कारण उरलं नाही. आमची ही म्हणते, "भिंतीला कान लावून म्हातारं व्हायचं आहे का?" तिचं बरोबर आहे. सणाला दारात रांगोळी काढताना जावेकडे बघायचं नाही, अशी तिने अकरा वर्षं काढली. घराचा आमचा अर्धा भाग दोंडाईच्याच्या मिश्रीलालशेठना द्यायचं ठरतं आहे. ते मिरचीचं गोदाम करणार.

मला जायचं नाही, भाऊ. तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कुणाला नाही. सकाळी खुर्ची लावून बसलो की नानाचा आवाज येतो, "अगं, चावी हळू, हळू पीळ." लहानपणी मलाही असाच ओरडायचा. तो एकदा 'छगन' म्हणाला असता तर मी बिछाना बांधला नसता. मीच का हाक मारत नाही म्हणाल तर मारायला गेलो होतो. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो आणि चपला घालून परत आलो. तोंड उघडलं आणि तो आत निघून गेला तर काय करायचं?

जाताना तबकड्यांची ट्रंक बरोबर नेतो आहे. पाचोऱ्यालाही डबा नाहीच.

छगन

धुळे, ८ जानेवारी १९६७

शेठ, पेढे वाटा! शत्रू पळाला!

छगन्या घर सोडून पाचोऱ्याला चालला. दगडीबाईने बातमी आणली. शनिवारच्या सकाळी टांगा सांगितला आहे. अकरा वर्षांत मामांना जमलं नाही, वकिलांना जमलं नाही, ते तुमच्या तबकड्यांनी केलं. त्याच्या जागी मिरचीचं गोदाम येतं आहे. येऊ दे. मिरची तरी खोकत नाही.

आता सगळं शांत होईल. सकाळी काय लावायचं याची कटकट नाही. शकूने आज विचारलं, "मामंजी, काय लावू?" मी म्हटलं, तुला हवं ते लाव. तिने लावलं. काय लावलं ते आठवत नाही.

तोताराम

जळगाव, १० जानेवारी १९६७

तोतारामशेठ,

अभिनंदन. पेढे तुम्ही वाटायचे, मी का?

एक विचारतो. कर्णा भिंतीकडेच ठेवणार का? मिरचीला काय ऐकवायचं ठरवलंत?

लीलाधर

धुळे, ११ जानेवारी १९६७

लीलाधरशेठ,

तुम्ही फार आगाऊ आहात. मुलीचे बाप असून व्याह्याला असं लिहिता! मी हे पत्र रागाने लिहितो आहे हे ध्यानात ठेवा.

मिरचीला काय ऐकवू, हे मीही विचारलं स्वतःला. खरं सांगतो, परवापासून पलीकडे ट्रंका ओढल्याचे आवाज येतात. कुंदाबाई भांडी बांधते. इथे माझ्या किराणा दुकानात गिऱ्हाइकाने साखर मागितली तर मी मीठ बांधून दिलं.

मी त्याला 'जाऊ नको' म्हणणार नाही. मी मोठा आहे. पण लोक म्हणायला नकोत की तोतारामने भावाला बोंबा मारून हाकललं. शेवटच्या सकाळी त्याला आवडेल असं एक काहीतरी लावावं म्हणतो. छळायला नाही. आणि त्याला काय आवडतं ते मला सांगायला तुमची गरज नाही. सनई. मामांच्या लग्नात, दोंडाईच्याला, सनई सुरू झाली आणि हा सात वर्षांचा पोरगा मांडवाचा खांब धरून ढसाढसा रडला. वडील सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या छगनला सूर कळतो. मी तिथेच जिलबी खात होतो. मला कुणी काही म्हणालं नाही. त्याचा मला अजून हेवा वाटतो, आता लपवून काय करू?

तर सनईची एक चांगली तबकडी ताबडतोब पाठवा. शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत हातात हवी.

तोताराम

जळगाव, १२ जानेवारी १९६७

तोतारामशेठ, रामराम.

सनई पाठवली आहे. अगदी कोरी आणि आवाजाला खणखणीत. हे पत्रही तबकडीबरोबर कंडक्टरच्याच हाती देतो, टपालावर भरवसा नको. सुई नवी लावा. कर्णा भिंतीला टेकवून ठेवा, बोटभरही फट नको. काही झालं तरी मधे थांबवू नका.

भावाला काय आवडतं ते तुम्हाला ठाऊक आहे म्हणता, तर मी कोण बोलणारा?

तुमच्या विहीणबाई म्हणतात, मी पाप करतो आहे. बघू.

लीलाधर

धुळे, १६ जानेवारी १९६७

लबाड, कपटी, दुतोंडी लीलाधरशेठ यांस तोतारामचा साष्टांग नमस्कार.

सगळं कळलं. पण आधी माझं ऐका.

शनिवारी सकाळी दारात टांगा उभा होता. चाळीसगावची गाडी गाठायची होती. त्यांचा बिछाना वर चढला, ट्रंक चढली. मी शकूला खूण केली. तिने चावी दिली, सुई ठेवली. सनई लागली. काय आवाज हो! टांग्याचं घोडं दोन पावलं मागे सरलं. पलीकडे आधी तांब्या पडला. मग त्यांचं दार धाडकन वाजलं, मग आमचं. मी वळून बघतो तर छगन माझ्या घरात उभा, बनियनवर, एका हाताने गाल दाबून धरलेला.

"नाना, बंद कर ते! बंद कर!"

अकरा वर्षांनी त्याने मला 'नाना' म्हटलं होतं, मला बाकी काही ऐकूच आलं नाही. त्याने स्वतःच जाऊन सुई उचलली. मग दोघांच्याही तोंडून घरची अहिराणी सुटली.

"माले सनई आवडस असं तुले कोनी सांगं?"

मी म्हटलं, "तूच! दोंडाईचाले रडना व्हता ना तू!"

"मनी दाढ दुखी राह्यनी व्हती!"

"मंग सांगं का नही?"

"सांगं व्हतं," छगन म्हणाला. "तुलेच सांगं व्हतं. तू जिलबी खाई राह्यना व्हता."

शेठ, मी खाली बसलो. तो उभाच होता, गाल धरून. मी म्हटलं, "छगन, तुझी दाढ अजून दुखते का रे?" तो म्हणाला, "पडून वीस वर्षं झाली." आणि मग कोण आधी रडायला लागलं यावर आमचं एकमत नाही. मी म्हणतो तो, तो म्हणतो मी. शकूला साक्षीला बोलावलं तर तीच रडत होती.

कुंदाबाई दारात आली. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि टांगेवाल्याला म्हणाली, "भाऊ, ट्रंक उतरव. इकडे नाही, त्या दारात ठेव." ट्रंक आमच्या बैठकीत आली. आत वडिलांच्या तबकड्या, एकेक मलमलीत गुंडाळलेली. मग तुमचा कारभार बाहेर आला. गोधडी, हसणं, खुर्ची, ट्रंकेतलीच गाणी, सगळं. म्हणजे मी दोन महिने पहाटे उठून शत्रूची सेवा केली! आणि तुम्ही, माझे व्याही, दोन्हीकडे माल विकलात! लाज वाटली पाहिजे. पुढच्या महिन्यात जेवायला या, तेव्हा समोर बसवून बोलणार आहे.

मिश्रीलालशेठना निरोप गेला, मिरचीला दुसरी जागा बघा.

आता आजची गोष्ट. सकाळी शकूने विचारलं, "मामंजी, काकाजी, आज काय लावू?" मी म्हटलं ललत. त्याच क्षणी तो म्हणाला लावणी. मी म्हटलं, डबा माझा आहे. तो म्हणाला, तबकड्या माझ्या आहेत. मी मोठा. तो म्हणाला, मोठा होतास तर दोंडाईच्याला ऐकलं का नाहीस? नळाचं पाणी येऊन गेलं, दूध उतू गेलं, तरी आम्ही थांबलो नाही. काहीच वाजलं नाही. गल्लीतली माणसं ओट्यावर उभी राहून आम्हालाच ऐकत होती. इतकी छान सकाळ मला आठवत नाही.

तोताराम

ता. क. खाली जागा उरली आहे, छगन लिहितो म्हणतो.

भाऊ, नमस्कार. आधी नानाच रडला. हसण्याची तबकडी झिजली, नवी पाठवा. सनई तुम्हाला परत पाठवायला बांधून ठेवली होती. नाना म्हणतो, राहू दे घरात, पुन्हा कधी बोलणं बंद झालं तर लागेल. – छगन